‘केले’ की ‘झाले’? विमानाच्या बातम्यांत गल्लत होणारे शब्द

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ विमान जमीन सोडल्यानंतर अर्ध्या-पाऊण मिनिटातच कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरील १९ जण, असे एकूण २६० लोक त्यात मृत्युमुखी पडले. बरोबर एक महिन्याने, १२ जुलै रोजी, तपास यंत्रणेचा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध झाला. दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा नियंत्रित करणारे स्विच एका सेकंदाच्या अंतराने, एकापाठोपाठ एक, ‘रन’ स्थितीतून ‘कटऑफ’ स्थितीत गेले, असे त्यात नोंदवले होते.

या वाक्यातले सर्वांत महत्त्वाचे पद ‘गेले’ हे आहे. स्विच कोणी नेले, हे अहवालाने सांगितले नाही. पण हीच माहिती मराठीत ‘स्विच बंद झाले’ अशी लिहिली, की वाचकाच्या मनात यंत्राचा बिघाड उभा राहतो. ‘स्विच बंद करण्यात आले’ असे लिहिले, की नाव न घेता कोणाचा तरी हात दिसू लागतो. आणि ‘वैमानिकाने स्विच बंद केले’ असे लिहिले, की निकालच लागतो. कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणात एक वैमानिक दुसऱ्याला ‘तू इंधन का बंद केलेस’ असे विचारतो आणि दुसरा ‘मी केले नाही’ असे उत्तर देतो, एवढेच अहवाल सांगतो. विचारणारा कोण आणि उत्तर देणारा कोण, हेही तो सांगत नाही. मराठीत ‘करणे’ आणि ‘होणे’ या दोन क्रियापदांमधून निवड करताना आपण नकळत एका मृत माणसावर ठपका ठेवतो किंवा तो पुसून टाकतो. विमानाविषयीच्या लेखनात शब्दांची काळजी का घ्यायला हवी, हे याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही.

जवळचा शब्द का चालत नाही?

रोजच्या बोलण्यात जवळचा शब्द चालून जातो. ‘गाडी’ म्हटले, की ती रिक्षा, मोटार की रेल्वे, हे ऐकणारा संदर्भावरून ओळखतो. पण दादरच्या फलाटावर कांजूरमार्गला जाण्यासाठी उभ्या असलेल्या माणसाला ‘कल्याण गाडी आली’ एवढे सांगून भागत नाही. ती ‘स्लो’ आहे की ‘फास्ट’, या एका शब्दावर तो कांजूरमार्गला उतरणार की पुढे निघून जाणार, हे ठरते. विमान वाहतुकीची भाषा अशा शब्दांनीच बनलेली आहे. वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या मातृभाषांचे लोक रेडिओच्या खरखरीत एकमेकांशी बोलत असतात आणि ‘तुम्हाला काय म्हणायचे होते’ असे विचारण्याइतकी फुरसत नेहमी असतेच असे नाही. म्हणून तिथे एका शब्दाला एकच अर्थ नेमून दिलेला असतो. बातमी लिहिणाऱ्याने तो शब्द बदलला, की अर्थाची छटा बदलून थांबत नाही, अनेकदा घटनाच बदलते.

एका ‘उड्डाणा’त तीन अर्थ

मराठीतला ‘उड्डाण’ हा शब्द सुरेख आहे, पण त्याच्यावर आपण फार ओझे टाकले आहे. विमान धावपट्टी सोडून वर झेपावते ती क्रिया म्हणजे उड्डाण. निघण्यापासून पोहोचण्यापर्यंतचा सगळा प्रवास म्हणजेही उड्डाण. आणि वेळापत्रकातली क्रमांक असलेली फेरी म्हणजेही उड्डाणच. ‘उड्डाणादरम्यान बिघाड’ असे वाचल्यावर तो धावपट्टीवर झाला की तीस हजार फुटांवर, हे कळत नाही आणि दोन्हींमधला धोका तर अगदी वेगळा असतो.

इंग्रजीतही एकेकाळी असाच घोळ होता आणि त्याची किंमत फार मोठी होती. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफे बेटावरील विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो जेट विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ जण मरण पावले. विमान वाहतुकीच्या इतिहासातला हा आजवरचा सर्वाधिक बळी घेणारा अपघात आहे. नियंत्रकाने डच विमानाला वर गेल्यानंतरचा मार्ग कळवला होता आणि त्या निरोपात ‘टेक-ऑफनंतर उजवीकडे वळा’ अशा अर्थाची सूचना होती. प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी मात्र अजून दिलेली नव्हती. वैमानिकांनी ‘आम्ही आता टेक-ऑफवर आहोत’ असे कळवले. निघण्यासाठी सज्ज होऊन उभे आहोत, की धावायला सुरुवातही केली आहे, हे त्या शब्दांतून उलगडत नव्हते. नियंत्रकाने ‘ओके’ म्हटले आणि त्याचे पुढचे ‘थांबा’ हे शब्द दुसऱ्या विमानाच्या एकाच वेळी झालेल्या बोलण्यामुळे आवाजात हरवले. त्यानंतर नियम बदलला. ‘टेक-ऑफ’ हा शब्द रेडिओवर आता प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारला जातो. इतर सर्व ठिकाणी ‘डिपार्चर’ म्हणायचे.

मराठीत आपणही तीन अर्थ वेगळे ठेवू शकतो. क्रियेसाठी ‘उड्डाण’ राखावे, प्रवासासाठी ‘प्रवास’ किंवा ‘हवेत असताना’ असे लिहावे आणि क्रमांकासाठी ‘फेरी’ म्हणावे. ‘एआय १७१ हे विमान’ अशी रचना सर्रास दिसते, पण एआय १७१ हा फेरीचा क्रमांक होता. विमानाची स्वतःची ओळख म्हणजे त्याचा नोंदणी क्रमांक, जो भारतात ‘व्हीटी’ या अक्षरांनी सुरू होतो. सिंहगड एक्स्प्रेस ही गाडी रोज धावते, पण तिला लावलेले इंजिन रोज तेच नसते. ‘या विमानाने आधी किती फेऱ्या केल्या होत्या’ असा प्रश्न विचारताना हा फरक विसरला, तर उत्तर पूर्ण चुकते.

‘स्टॉल’ झाले म्हणजे इंजिन बंद पडले नाही

सर्वाधिक गैरसमज करून देणारा शब्द बहुधा हाच आहे. आपल्याकडे मोटारीचे इंजिन सिग्नलला बंद पडते, तेव्हा ‘गाडी स्टॉल झाली’ असे म्हणतात. त्यामुळे विमान स्टॉल झाले, की त्याचे इंजिन बंद पडले, असे भाषांतर आपोआप घडते. प्रत्यक्षात विमानाच्या बाबतीत स्टॉल होतो तो पंख, इंजिनाचा त्याच्याशी संबंध असेलच असे नाही.

एसटीच्या खिडकीतून लहानपणी हात बाहेर काढल्याचे आठवून पाहा. (आता कोणी काढू नये.) तळवा जमिनीला समांतर ठेवला, तर वारा वरून आणि खालून निघून जातो. पुढची कड किंचित वर केली, की हात वर उचलला जातो. पण तीच कड फार वर केली, की उचल नाहीशी होते आणि हात नुसता मागे ढकलला जातो. पंखाचेही तसेच असते. समोरून येणाऱ्या हवेशी त्याचा कोन एका मर्यादेपलीकडे गेला, की वरच्या बाजूने वाहणारी हवा पंखाला धरून राहत नाही, ती सुटते आणि विमानाला तोलून धरणारी उचल कोसळते. याला स्टॉल म्हणतात.

१ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला जाणारे एअर फ्रान्सचे विमान अटलांटिक महासागरात पडले आणि त्यातील २२८ जण दगावले. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने काही काळ तुंबल्या, वेगाचे आकडे विसंगत झाले, स्वयंचलित यंत्रणा सुटली आणि त्यानंतर विमानाचे नाक वर खेचले गेले. सुमारे ३८,००० फुटांवरून ते स्टॉलच्या अवस्थेतच समुद्रापर्यंत खाली आले आणि या सगळ्या काळात त्याची दोन्ही इंजिने चालू होती. ही घटना ‘इंजिने बंद पडून विमान कोसळले’ अशी लिहिली, तर वाचक इंजिन बनवणाऱ्याला दोष देईल आणि वैमानिकांचे प्रशिक्षण, वेगमापक नळ्यांची रचना हे खरे प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाहीत. मराठीत ‘पंखांची उचल गेली’ असे साधे वाक्य लिहिता येते आणि ते ‘स्टॉल’पेक्षा जास्त सांगते.

‘मेडे’ आणि ‘मे डे’

अहमदाबादच्या विमानाने शेवटच्या क्षणी ‘मेडे’चा संदेश दिला होता. हा शब्द ‘मे डे’ असा तोडून लिहिलेला अनेकदा दिसतो. तोडून लिहिला, की त्याचा अर्थ १ मे असा होतो. आणि महाराष्ट्रात तर त्या तारखेला कामगार दिन आणि महाराष्ट्र दिन असे दोन्ही असतात. संकटाच्या हाकेशी त्या दिवसाचा काहीही संबंध नाही. १९२० च्या दशकात लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर हा शब्द सुचवला गेला, कारण तिथली बरीचशी वाहतूक पॅरिसशी होत असे आणि फ्रेंचमध्ये ‘मला मदत करा’ याचा उच्चार त्याच्या जवळ जातो. जीविताला तातडीचा धोका असेल तेव्हा हा शब्द सलग तीनदा उच्चारतात. अडचण आहे पण प्राण तत्काळ संकटात नाहीत, अशा वेळी ‘पॅन-पॅन’ हा वेगळा संकेत तीनदा द्यायचा असतो.

या पायऱ्या किती महत्त्वाच्या आहेत, हे २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ दिसले. कोलंबियातून आलेले आव्हियांका कंपनीचे विमान खराब हवामानामुळे बराच वेळ आकाशात घिरट्या घालत राहिले. वैमानिकांनी ‘प्राधान्य’ मागितले, इंधन संपत आल्याचेही सांगितले, पण ‘आणीबाणी’ हा शब्द वापरला नाही. नियंत्रकांच्या कानाला ते नेहमीच्या विनंतीसारखे वाटले. अखेर इंधन संपून विमान टेकडीवर कोसळले आणि १५८ पैकी ७३ जण मरण पावले. आज या परिस्थितीसाठीही ठरावीक शब्द आहेत: ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आणखी उशीर परवडणार नाही, पण ही आणीबाणी नव्हे, ‘मेडे फ्युएल’ म्हणजे आणीबाणी.

आपल्या बातम्यांत याच्या उलट चूक होते. तिथे सगळेच ‘आपत्कालीन लँडिंग’ असते. प्रवाशाच्या छातीत दुखू लागल्याने विमान नागपूरला वळवले, तरी आपत्कालीन. एखादा दिवा लागल्यामुळे खबरदारी म्हणून परत आणले, तरी आपत्कालीन. सगळ्यांत जास्त अन्याय ‘गो-अराउंड’ या क्रियेवर होतो. उतरता उतरता वारा बदलला, समोरचे विमान अजून धावपट्टीवर आहे, किंवा उंची-वेगाचे गणित नीट जमलेले नाही असे दिसले, की वैमानिक उतरणे सोडून पुन्हा वर जातो आणि फेरी मारून येतो. ही नेहमीची, शिकवलेली आणि सुरक्षित क्रिया आहे. ‘लँडिंग फसले, प्रवाशांचा जीव टांगणीला’ हा मथळा तिला अपघाताच्या रांगेत नेऊन बसवतो. उतरण्याचा हट्ट धरणे धोक्याचे असते आणि परत वर जाण्याचा निर्णय घेणे शहाणपणाचे. तेव्हा अशा मथळ्याने शहाणपणालाच घाबरवणारे रूप मिळते.

एक काना, एक मात्रा

देवनागरीत आल्यामुळे इंग्रजीतल्या काही चुका आपोआप मिटतात, पण आपल्या स्वतःच्या काही नव्या तयार होतात. ‘रडार’ आणि ‘रडर’ यांच्यात एका कान्याचा फरक आहे. रडार हे दूरची वस्तू शोधणारे उपकरण आहे. रडर हा शेपटीच्या उभ्या भागातला हलणारा तुकडा आहे, ज्याने विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळते. ‘रडार निकामी झाल्याने विमान भरकटले’ आणि ‘रडर निकामी झाल्याने विमान भरकटले’ ही दोन्ही वाक्ये वाचायला पटणारी आहेत आणि हाच त्यांच्यातला धोका आहे. रडरसाठी मराठीत ‘सुकाणू’ हा कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेला शब्द आहे आणि तो वापरला, तर ही गल्लत संभवतच नाही.

‘अल्टिट्यूड’ आणि ‘ॲटिट्यूड’ ही दुसरी जोडी. पहिल्याचा अर्थ उंची, दुसऱ्याचा अर्थ विमानाचा कल, म्हणजे नाक वर आहे की खाली आणि पंख कोणत्या बाजूला झुकले आहेत, ती स्थिती. ‘उंची’ आणि ‘कल’ असे मराठीत लिहिल्यावर कोणीही गोंधळणार नाही.

आणि एक जोडी तर पूर्णपणे आपली आहे. ‘पंख’ या शब्दाचे सामान्यरूप ‘पंखा-’ होते आणि ‘पंखा’ या शब्दाचे ‘पंख्या-’. म्हणून ‘पक्षी पंखाला धडकला’ याचा अर्थ तो विमानाच्या पंखावर आदळला, आणि ‘पक्षी पंख्याला धडकला’ याचा अर्थ तो इंजिनाच्या तोंडाशी फिरणाऱ्या पात्यांत गेला. पहिल्या प्रकारात बहुधा पत्र्याला पोचा येतो. दुसऱ्यात इंजिन बिघडू शकते. अर्ध्या ‘ख्य’चा हा फरक मुद्रितशोधकाच्या नजरेतून सहज निसटतो.

नॉट, किलो आणि घड्याळ

विमानाचा वेग ‘नॉट’मध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, अर्थात ताशी १.८५२ किलोमीटर. ‘तासाला’ हा भाग नॉटमध्येच सामावलेला आहे, म्हणून ‘ताशी १८० नॉट’ हे ‘ताशी ताशी’ म्हटल्यासारखे होते. अहमदाबादच्या विमानाने गाठलेला सर्वाधिक वेग १८० नॉट होता, म्हणजे ताशी सुमारे ३३३ किलोमीटर. नॉट हे किलोमीटर समजून तसेच छापले, तर विमान जवळपास निम्म्या वेगाने जात होते असे वाटेल आणि वाचक ‘वेगच कमी होता’ असा स्वतःचा निष्कर्ष काढून मोकळा होईल.

एककांची चूक कागदावरच राहते असेही नाही. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक बोइंग ७६७ विमान ४१,००० फुटांवर असताना इंधन संपून निःशब्द झाले. हवे होते २२,३०० किलो इंधन. पण रूपांतराच्या गणितात पौंडाचा आकडा वापरला गेल्याने विमानात त्याच्या निम्म्याहून कमी इंधन होते. वैमानिकांनी ते गिमली येथील जुन्या धावपट्टीवर तरंगत उतरवले आणि सर्वजण वाचले.

घड्याळाचेही तसेच. तपास अहवालांतल्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. प्राथमिक अहवालात स्विचची नोंद ८ वाजून ८ मिनिटांची आहे, म्हणजे आपल्याकडचे दुपारचे १ वाजून ३८ मिनिटे. ‘सकाळी ८ वाजता’ असे लिहिणाऱ्याने अपघात साडेपाच तास अलीकडे ओढलेला असतो.

धावपट्टीवर की धावपट्टीबाहेर?

मुंबई विमानतळावर ‘धावपट्टी क्रमांक २७’ असे वाचून तिथे सत्तावीस धावपट्ट्या आहेत की काय, असे एखाद्याला वाटू शकते. तिथे धावपट्ट्या दोनच आहेत आणि त्या एकमेकींना छेदतात. क्रमांक ही चुंबकीय दिशा आहे: २७ म्हणजे २७० अंश, म्हणजे विमान पश्चिमेकडे तोंड करून उतरते. तीच पट्टी उलट बाजूने वापरली, की तिचे नाव ०९ होते. दुसरी पट्टी १४ आणि ३२.

विमान पट्टीबाहेर जाण्याला ‘एक्स्कर्शन’ म्हणतात, तर विमान, वाहन किंवा माणूस परवानगीशिवाय पट्टीवर येण्याला ‘इनकर्शन’. पावसाळ्यात आपण वाचतो ते बहुधा पहिल्या प्रकारचे असते. २१ जुलै २०२५ रोजी मुसळधार पावसात कोचीहून आलेले विमान मुंबईत असेच पट्टीबाहेर गेले होते. दोन्हींना ‘धावपट्टीवर अपघात टळला’ म्हणणे पुरेसे नाही. त्यातही बाजूला घसरणे आणि टोकाकडून पुढे निघून जाणे यांत फरक करायला हवा. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला विमान टोकापलीकडे गेले आणि पठारावरच्या त्या धावपट्टीपुढे उतार होता. २१ जणांचे प्राण गेले.

वाचकाला एवढे कशाला?

भाव कळला म्हणजे पुरे, असा आक्षेप इथे कोणी घेईल. तो सर्वस्वी चुकीचा नाही: ‘विमानतळ’ आणि ‘एअरपोर्ट’ यांत काही बिघडत नाही आणि ‘एअर’ की ‘एयर’ यावर वाद घालण्यात मला रस नाही. पण घरातले माणूस दुबईला किंवा लंडनला निघालेले असताना बातमी वाचणाऱ्याला भाव नव्हे, घटना कळायला हवी असते. मराठीत शब्द नाहीत, ही तक्रारही फारशी टिकत नाही. सुकाणू, उचल, कल, घिरट्या, फेरी हे सगळे आपलेच आहेत. जिथे मराठी शब्द खरोखर ओढूनताणून होतो, तिथे ‘गो-अराउंड’सारखा मूळ शब्द ठेवून पहिल्यांदा एका ओळीत त्याचा अर्थ द्यावा. घाईचे कारण मात्र मी समजू शकतो. त्यावर एकच उपाय दिसतो: खात्री नसेल तेव्हा कमी सांगणारा शब्द निवडावा. ‘आपत्कालीन लँडिंग’ऐवजी ‘विमान उतरवले’ हे वाक्य नेहमीच खरे असते.

‘सहवैमानिक’ हा शब्दही असाच तपासून घ्यावा. त्यातून शिकाऊ मदतनीस असे चित्र उभे राहते, पण तो पूर्ण परवानाधारक वैमानिक असतो आणि फेऱ्या आळीपाळीने दोघेही चालवतात. अहमदाबादच्या फेरीत प्रत्यक्ष विमान चालवण्याचे काम सहवैमानिकाकडे होते आणि कॅप्टन देखरेख करत होते.

पेटी, यंत्रणा, अहवाल

ब्लॅक बॉक्स काळा नसतो. अवशेषांत चटकन दिसावा म्हणून तो भडक केशरी असतो. बहुतेक विमानांत एक पेटी आकडेवारीची आणि एक आवाजाची असते. बोइंग ७८७ मध्ये मात्र दोन सारख्या पेट्या असतात, एक पुढे आणि एक शेपटीकडे, आणि दोन्ही दोन्ही प्रकारची नोंद करतात. ‘आवाजाची पेटी अजून सापडली नाही’ असे त्या विमानाबद्दल लिहिणे म्हणूनच निरर्थक ठरते.

संस्थांचीही सरमिसळ होते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय नियम करते आणि परवाने देते. विमानतळ प्राधिकरण हवाई नियंत्रण सांभाळते. अपघाताचा तपास तिसऱ्याच, स्वतंत्र विभागाकडे असतो. नियम करणाऱ्यानेच तपास केला, तर स्वतःच्या नियमांतली चूक त्याला कशी दिसेल, म्हणून ही विभागणी आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार या तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे. दोष किंवा जबाबदारी ठरवणे हा नाही. त्यामुळे ‘तपासात दोषी ठरले’ हे शब्द त्या अहवालाच्या तोंडी घालता येत नाहीत. ते काम न्यायालयाचे आहे.

पहिला अहवाल ३० दिवसांत अपेक्षित असतो आणि त्यात फक्त तोवर हाती आलेली तथ्ये असतात. शेवटचा अहवाल शक्यतो १२ महिन्यांत यावा आणि तो तोवर जाहीर करता आला नाही, तर दर वर्षी अपघाताच्या तारखेला तपास कुठवर आला, याचे निवेदन द्यावे, असा नियम आहे. या मधल्या निवेदनाला ‘अंतरिम’ म्हणतात आणि शेवटच्या अहवालाला ‘अंतिम’. दोन शब्दांमध्ये एका ‘र’चा फरक आहे: पहिल्यात तपास अजून चालू असतो, दुसऱ्यात तो संपलेला असतो.